तेल कुणाच्या डोक्यावर? राजा, याजक आणि मशीहा यांविषयीचे जुने ग्रंथ वाचताना

मशीहा म्हटलं की शेवटच्या काळी येणारा एक तारणारा, असं चित्र बहुतेकांच्या मनात आधीपासूनच असतं. ते चित्र घेऊन यहुद्यांचे जुने ग्रंथ उघडले की पहिल्याच दिवशी अडखळायला होतं. तिथे अभिषिक्त कधी राजा असतो, कधी याजक, कधी दोघं वेगवेगळे, आणि एके ठिकाणी तर चक्क इराणचा बादशहा. आमच्या मते या सगळ्या ग्रंथांना एकच प्रश्न विचारत गेलं तर वाट सापडते: सिंहासन आणि वेदी एकाच माणसाच्या हाती आहेत की दोघांच्या? दोघांच्या असतील तर पहिला मान कुणाचा?

साहित्य फारसं लागत नाही. मराठी बायबल हवं, शक्यतो दोन वेगळी भाषांतरं. त्यातलं एक कॅथलिक असावं, कारण मक्काबी हे ग्रंथ (ग्रीक सत्तेविरुद्धच्या यहुदी उठावाची हकीकत) प्रॉटेस्टंट आवृत्त्यांत सहसा नसतात. मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहांत सापडलेल्या जुन्या यहुदी गुंडाळ्यांचं एखादं इंग्रजी भाषांतर वाचनालयातून आणावं. एक वही घ्यावी आणि तिच्यात चार रकाने आखावेत: कोण, कोणत्या वंशाचा, काम काय, आणि दुसऱ्याशी नातं काय (वरचढ, खालचा, शेजारी बसणारा की तोच तो). चौथा रकाना भरताना सगळ्यात जास्त डोकं खाजवावं लागेल, तेव्हा तो रुंद आखा. रोज तासभर दिला तर दोन-तीन आठवड्यांत हा पल्ला गाठता येतो.

पायरी १ : आधी शब्द, मग तेल

हिब्रूत 'माशियाख' म्हणजे तेल लावलेला, ग्रीकमध्ये 'ख्रिस्तोस' म्हणजेही तेच. मराठी बायबलमध्ये हा शब्द जुन्या करारात बहुधा 'अभिषिक्त' होतो आणि नव्या करारात 'ख्रिस्त' किंवा 'मशीहा'. त्यामुळे मूळ शब्द एकच असल्याचं मराठी वाचकाच्या लक्षातच येत नाही. 'अभिषिक्त' दिसला की पेन्सिलीने समासात खूण करत जा.

आणखी एक घोटाळा आपल्या भाषेतला. अभिषेक म्हटलं की आपल्याला पिंडीवरची दुधाची धार नाहीतर राज्याभिषेकाचे जलकुंभ आठवतात. इथे जैतुनाचं सुगंधी तेल आहे. निर्गम ३०:२३-२४ मध्ये त्याची कृती दिली आहे: गंधरस ५०० शेकेल, सुगंधी दालचिनी २५०, सुगंधी वेत किंवा बोरू २५०, तज ५००, आणि जैतुनाचं तेल एक हीन. शेकेल साधारण ११.३ ग्रॅमचा धरला तर मसाला होतो सुमारे १७ किलो, आणि हीनभर तेल म्हणजे अंदाजे साडेतीन ते सहा लिटर. एवढ्या मसाल्याला एवढं तेल पुरायचं कसं? तालमूद या यहुदी चर्चाग्रंथातल्या रब्बींनाही, म्हणजे धर्मशिक्षकांनाही, हा प्रश्न पडला होता. एकाने तोडगा काढला: मुळ्या आधी पाण्यात भिजवायच्या, मग वर तेल ओतायचं आणि वास धरला की काढून घ्यायचं. हे मिश्रण घरगुती वापरासाठी करणाऱ्याला समाजातून तोडून टाकावं, असं पुढच्याच वचनांत म्हटलं आहे.

हे तेल लागतं कुणाला? अहरोनाला (लेवीय ८:१२), शौलाला (१ शमुवेल १०:१), दाविदाला (१ शमुवेल १६:१३). लेवीय ४:३ मध्ये तर 'अभिषिक्त याजक' असाच शब्द आहे. यशया ४५:१ मध्ये इराणचा कोरेश हा परमेश्वराचा अभिषिक्त. यांतला एकही जण युगाच्या शेवटी येणारा नाही. त्या काळी हा शब्द नेमणुकीचा आहे, भविष्याचा नाही.

रब्बींच्या परंपरेत एक बारीक तपशील आहे आणि तो वहीत पहिल्याच पानावर लिहावा असा आहे. पहिल्या मंदिराच्या अखेरच्या काळात, राजा योशीयाच्या वेळी, हे तेल लपवून ठेवण्यात आलं आणि बाबेलच्या बंदिवासातून परतल्यावर बांधलेल्या दुसऱ्या मंदिरात ते नव्हतंच. तिथला मुख्य याजक तेलाने नव्हे, अंगावर चढवलेल्या आठ वस्त्रांनी मुख्य याजक होई. म्हणजे या परंपरेप्रमाणे, ज्या काळात 'अभिषिक्त येणार' ही आस सगळ्यात तीव्र झाली, त्या काळात यरुशलेमात खरोखर तेल लागलेला माणूस एकही नव्हता. दाविदाच्या वंशातला राजाही नव्हता, तेलही नव्हतं.

पायरी २ : दोन वंश वेगळे ठेवा

राजा यहूदाच्या वंशातला, दाविदाच्या घराण्यातला: उत्पत्ति ४९:१०, गणना २४:१७, २ शमुवेल ७. याजक लेवीच्या वंशातला, अहरोनाच्या घराण्यातला: अनुवाद ३३:८-११. ही वचनं पाठ करायची गरज नाही, पण ओळखता आली पाहिजेत, कारण पुढचे सगळे ग्रंथ याच चार-पाच उताऱ्यांवर खेळतात. 'तारा' आणि 'राजदंड' हे शब्द दिसले की गणना २४:१७ समजायचं.

इथे आपल्याकडचं ब्राह्मण-क्षत्रिय हे गणित लावायचा मोह होतो. तो आवरा. लेवीचं कुळ हे याकोबाच्या बारा मुलांपैकी एकाचं कुळ आहे, यहूदाचं दुसऱ्याचं. त्याला जमिनीचा वाटा नाही, ते दशमांशावर, म्हणजे इतरांनी दिलेल्या उत्पन्नाच्या दहाव्या भागावर, जगतं. राजा आणि याजक एकाच आजोबाची नातवंडं आहेत, आणि वादाला धार येते ती त्यामुळेच.

पायरी ३ : कुंपण कुठे ओलांडलं ते पाहा

२ इतिहास २६:१६-२१ वाचा. राजा उज्जीया धूप जाळायला मंदिरात शिरतो, ८० याजक त्याला अडवतात, आणि त्याच्या कपाळावर कोड उठतं. कपाळावरच का, याचा विचार करायचा तर निर्गम २८:३६-३८ उघडा: मुख्य याजकाच्या कपाळावर सोन्याची पट्टी असते, तिथेच.

आता लगेच २ शमुवेल ६:१४ आणि ८:१८ काढा. दावीद तागाचं एफोद (याजकी वस्त्र) घालून नाचतो, अर्पणं करतो, आणि दाविदाचे पुत्र 'याजक' होते असं हिब्रू मजकूर सरळ म्हणतो. काही भाषांतरं तिथे 'मंत्री' किंवा 'अधिकारी' असं सौम्य करून टाकतात. १ इतिहास १८:१७ मध्ये तर हीच नोंद बदलून 'राजाच्या हाताखालचे मुख्य' झाली आहे. नंतरच्या लेखकाला ती खटकली, एवढंच यावरून दिसतं. कुंपण पहिल्यापासून होतं असं धरून चालू नका. ते हळूहळू घातलं गेलं.

स्तोत्र ११० याच जागी वाचायचं. पहिल्या वचनात राजा देवाच्या उजवीकडे बसतो आणि चौथ्यात त्याच राजाला 'मलकीसदेकाप्रमाणे तू युगानुयुग याजक आहेस' असं सांगितलं जातं. मलकीसदेक कोण, ते उत्पत्ति १४:१८-२० मध्ये अवघ्या तीन वचनांत येतं: शालेमचा राजा, परात्पर देवाचा याजक, अब्राहामाला भाकर-द्राक्षारस देणारा. लेवीचा जन्म व्हायच्या कितीतरी आधीचा हा माणूस. लेवीच्या कुळाबाहेरच्या राजाला याजकपण देणारी जुन्या करारातली ही फट आहे. तिला खूण करून ठेवा.

पायरी ४ : जखऱ्या, सगळ्यात सावकाश

या पायरीला चार दिवस द्या. काळ इ.स.पू. ५२० चा. बाबेलहून परतलेले लोक मंदिर पुन्हा बांधताहेत. पुढारी दोन: जरुब्बाबेल हा राज्यपाल, शेवटच्या राजांपैकी यहोयाखीनाच्या वंशातला, आणि यहोशवा हा मुख्य याजक. आधी हाग्गयाची दोन प्रकरणं वाचून टाका, पंधरा मिनिटांचं काम आहे. हाग्गय २:२३ मध्ये देव जरुब्बाबेलाला मुद्रेची अंगठी करतो. यिर्मया २२:२४ मध्ये हीच अंगठी यहोयाखीनाच्या रूपाने हातातून उपटून फेकली होती.

मग जखऱ्या ४. समईच्या दोन बाजूंना दोन जैतुनाची झाडं, आणि १४ व्या वचनात ते 'दोघे तेलाचे पुत्र'. मराठीत इथे 'अभिषिक्त' असं भाषांतर होतं, पण मूळ शब्द 'माशियाख' नाही. 'यित्सहार' म्हणजे ताजं तेल आहे. म्हणून समासातली खूण इथे करायची नाही.

जखऱ्या ६:९-१५ हा या सगळ्या वाचनातला सर्वांत अवघड उतारा. रुपं-सोनं घेऊन मुकुट कर आणि तो यहोशवाच्या डोक्यावर ठेव, असा हुकूम आहे. पण हिब्रूत शब्द आहे 'अतारोत', मुकुट, अनेकवचनी. मग एकाच डोक्याचं नाव का? आणि लगेच पुढे 'अंकुर' नावाच्या माणसाचं वर्णन येतं, जो मंदिर बांधील आणि सिंहासनावर बसेल. पण मंदिर बांधणारा जरुब्बाबेल आहे, असं ४:९ सांगतं. काही अभ्यासकांना वाटतं की मूळ मजकुरात दोघांची नावं होती, दोन मुकुट होते, आणि जरुब्बाबेल इतिहासातून एकाएकी नाहीसा झाल्यावर त्याचं नाव गळलं. हा तर्क आहे, हस्तलिखिताचा पुरावा नाही. वहीत पेन्सिलीनेच लिहा. तेराव्या वचनाचा शेवट मात्र शाईने: सिंहासनाजवळ याजक असेल आणि 'त्या दोघांमध्ये शांतीचा सल्ला' राहील. काही भाषांतरांत 'सिंहासनावर याजक' असंही वाचायला मिळेल, आणि मग एकच माणूस राजा-याजक झाल्यासारखं वाटतं. 'त्या दोघांमध्ये' हे शब्द पाहिले की दोन माणसं स्पष्ट दिसतात. जुन्या ग्रीक भाषांतरात याजक 'त्याच्या उजवीकडे' आहे.

जोडीला यिर्मया ३३:१४-२६ वाचा. दाविदाला सिंहासनावर बसणारा आणि लेवीयांना वेदीपुढे उभा राहणारा कधी कमी पडणार नाही, असं दुहेरी वचन इथे आहे. हा पूर्ण उतारा यिर्मयाच्या जुन्या ग्रीक भाषांतरात नाही.

पायरी ५ : हस्मोनी घराणं, जिथे सिद्धांत रस्त्यावर येतो

इथे भरभर चाला, पण तारखा नीट लिहा. इ.स.पू. १६७ मध्ये ग्रीक राजसत्तेविरुद्ध उठाव झाला तो यहोयारीब या याजकी वर्गातल्या हस्मोनी घराण्यातून. इ.स.पू. १५२ मध्ये त्याच घराण्यातला योनाथान मुख्य याजक झाला. इ.स.पू. १४० मध्ये त्याच्या भावाला, शिमोनाला, लोकांनी पुढारी आणि मुख्य याजक केलं, पण '१ मक्काबी' १४:४१ मधली अट पाहा: 'विश्वासू संदेष्टा येईपर्यंत'. म्हणजे कच्ची नेमणूक. पुढे, पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस याच्या म्हणण्याप्रमाणे, इ.स.पू. १०४ मध्ये अरिस्तोबूलाने राजा ही पदवीही घेतली. त्याच्या भावाच्या, अलेक्झांडर यन्नायच्या (इ.स.पू. १०३-७६) नाण्यांवर कुठे 'योनाथान राजा' (योनाथान हे यन्नायचंच हिब्रू नाव) आहे, कुठे 'योनाथान मुख्य याजक'.

याजकाने राजा व्हायचं, आणि तेही दाविदाच्या वंशात नसताना! तालमूदमध्ये यन्नायला एक जण सांगतो की राजमुकुट तुला पुरे, याजकाचा मुकुट अहरोनाच्या वंशाला सोड. योसेफस हाच प्रसंग यन्नायच्या बापाच्या, हिर्कानसच्या नावावर सांगतो. इ.स.पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पॉम्पी यरुशलेमात घुसल्यानंतरच्या 'शलमोनाची स्तोत्रे' या संग्रहातलं १७ वं स्तोत्र उलट टोकाला जातं: तिथला अभिषिक्त दाविदाचा पुत्र आणि निव्वळ राजा. त्याच्या शेजारी याजक नाही. चौथ्या रकान्यात 'कुणीच नाही' असं लिहा. तेही उत्तरच आहे.

पायरी ६ : कुमरान

आधी खुणा वाचायला शिका. '१क्यूएस' यातला १ म्हणजे गुहेचा क्रमांक (गुहा ११ आहेत), 'क्यू' म्हणजे कुमरान, 'एस' म्हणजे 'सेरेख', अर्थात नियम. पुढे ९:११ लिहिलेलं असेल तर नववा स्तंभ, अकरावी ओळ; अध्याय-वचन नव्हे. ही चूक जवळजवळ प्रत्येक नवखा करतो.

१क्यूएस ९:११ मध्ये ते प्रसिद्ध वाक्य आहे: 'संदेष्टा आणि अहरोनाचे व इस्राएलाचे अभिषिक्त येईपर्यंत'. अभिषिक्त अनेकवचनी, म्हणजे दोन. आता १क्यूएसए (याच नियमाची पुरवणी) २:११-२२ काढा, कारण या दोघांतलं नातं इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे कुठेच येत नाही. ही पंगतीची मांडणी आहे. याजक आधी आत येतो, मग अहरोनाचे पुत्र, मग इस्राएलाचा अभिषिक्त आणि त्याचे सरदार. भाकर आणि नवा द्राक्षारस मांडला की याजकाच्या आधी कुणी हात घालायचा नाही. याजक आशीर्वाद म्हणतो, त्यानंतर इस्राएलाचा अभिषिक्त भाकरीला हात लावतो, मग बाकीचे आपापल्या मानाप्रमाणे. दहा माणसं जमली की दर जेवणाला असंच करावं, असा नियम आहे. पंगतीत पहिला घास कुणाचा यावरून रुसवेफुगवे पाहिलेल्या मराठी वाचकाला याचा अर्थ समजावून सांगायला नको.

'मंदिराची गुंडाळी' ही कुमरानचीच दुसरी गुंडाळी हेच राजकारभारात नेते. स्तंभ ५७ मध्ये राजासोबत १२ सरदार, १२ याजक, १२ लेवी बसतात, आणि स्तंभ ५८ मध्ये मुख्य याजकाने उरीमाचा (देवाची इच्छा विचारायच्या याजकाकडच्या पवित्र साधनाचा) कौल घेतल्याशिवाय राजाने स्वारीला निघायचं नाही. हस्मोनी राजांच्या डोळ्यांत घातलेलं हे अंजन आहे, असं आम्हाला वाटतं.

इथे घसरण्याच्या जागा तीन.

पहिली: 'दमास्कस दस्तऐवज' या कुमरानच्याच पंथाच्या ग्रंथात 'अहरोनाचा व इस्राएलाचा अभिषिक्त' असं एकवचन येतं. ते एकाच माणसाविषयी की 'प्रत्येकी एक' अशा अर्थाने, यावर शंभरेक वर्षं वाद चालू आहे. त्याच ग्रंथात तारा म्हणजे नियमशास्त्र उलगडणारा आणि राजदंड म्हणजे मंडळीचा अधिपती, अशी गणना २४:१७ ची दोन माणसांत वाटणी केली आहे. ती पाहिल्याशिवाय मत बनवू नका.

दुसरी: ४क्यू२५९ या, १क्यूएसमधल्याच नियमाच्या दुसऱ्या प्रतीत दोन अभिषिक्तांचं ते वाक्यच नाही. तेव्हा 'कुमरानचे लोक दोन मशीहा मानत' असं सरसकट लिहू नका. कोणती प्रत ते सांगा.

तिसरी: ११क्यू१३ मधला मलकीसदेक. तो पृथ्वीवरचा याजक-राजा नाही, दहाव्या योबेलाच्या (सुमारे पन्नास वर्षांच्या फेऱ्याच्या) शेवटी न्याय करणारा स्वर्गीय पुरुष आहे, आणि उरलेल्या तुकड्यांत स्तोत्र ११० कुठेच उद्धृत होत नाही. नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राचा लेखक हे वाचून बसला होता, अशी उडी मारायला इथून जागा नाही.

पायरी ७ : नवा करार

सुरुवात लूक १ पासून. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप जखऱ्या (चौथ्या पायरीतला संदेष्टा नव्हे) हा अबीयाच्या वर्गातला, म्हणजे १ इतिहास २४ मधल्या २४ याजकवर्गांपैकी आठवा. चिठ्ठीने त्याला धूप जाळायचा मान मिळतो. उज्जीयाने हिसकावू पाहिलेलं काम हेच. आई अलीशिबा अहरोनाच्या कन्यांपैकी. ३२ व्या वचनात येशूला मात्र दाविदाचं सिंहासन मिळतं. मरीया अलीशिबेची नातलग, त्यामुळे येशूतही लेवीचं रक्त होतं आणि म्हणून तो दोन्ही झाला, असं काही जुने ख्रिस्ती मानत. तिसऱ्या शतकात ज्युलियस आफ्रिकानस या ख्रिस्ती लेखकाने वंशावळींविषयीच्या पत्रात अशी जुळवाजुळव साफ झिडकारली.

इब्री लोकांस पत्राचा लेखक तर जुळवाजुळवीच्या वाटेलाच जात नाही. ७:१४ मध्ये तो कबूल करून टाकतो: आपला प्रभू यहूदातून आला, आणि त्या वंशाबद्दल मोशे याजकपणाचा एक शब्द बोलला नाही. ८:४ मध्ये आणखी पुढे: तो पृथ्वीवर असता तर याजक झालाच नसता. मग तो तिसऱ्या पायरीतली ती फट उघडतो. त्याचा युक्तिवाद या क्रमाने उतरवून घ्या: उत्पत्ति १४ मध्ये मलकीसदेकाचे आईबाप, वंश, जन्म-मृत्यू सांगितलेले नाहीत, म्हणून तो कायमचा याजक, अब्राहामाने त्याला दशमांश दिला, लेवी तेव्हा अब्राहामाच्या पोटीच होता, म्हणजे लेवीनेही दिला, देणारा लहान, घेणारा मोठा. उत्पत्ति १४:२० च्या हिब्रूत 'त्याने त्याला दशमांश दिला' एवढंच आहे, कुणी कुणाला ते वाचकाने ठरवायचं. पत्राचा सगळा डोलारा त्या एका 'त्याने'वर उभा आहे.

शेवटी १०:११-१२ पाहा. लेवी याजक रोज उभा राहून सेवा करतो. हा एकदाच अर्पण करून बसतो. बसतो कुठे? स्तोत्र ११० च्या पहिल्या वचनातल्या उजव्या हाताला. याजकाचं चौथं वचन आणि राजाचं पहिलं वचन असं एकाच आसनावर आणून बसवलं आहे. चौथ्या रकान्यात 'तोच तो' असं बिनदिक्कत लिहिता येईल अशी जागा ख्रिस्ती बाजूला हीच.

पायरी ८ : नाण्यांनी पडताळा

वही भरली की एक चाचणी घ्या. शिमोन बार कोखबाच्या रोमविरुद्धच्या उठावातल्या (इ.स. १३२-१३५) नाण्यांची छायाचित्रं कोणत्याही मोठ्या नाणेसंग्रहाच्या यादीत मिळतील. काहींवर 'शिमोन, इस्राएलाचा नासी', काहींवर 'एलाजार याजक'. 'नासी' म्हणजे अधिपती. 'राजा' हा शब्द त्याने घेतला नाही. यहेज्केल ४०-४८ मधल्या भावी पुढाऱ्यालाही हाच शब्द आहे. परंपरा सांगते की रब्बी अकीवाने या शिमोनाला गणना २४:१७ मधला तारा म्हटलं, आणि योहानान बेन तोर्ता त्याला म्हणाला, अकीवा, तुझ्या गालावर गवत उगवेल तरी दाविदाचा पुत्र आलेला नसेल.

चारही रकाने भरा. पहिल्यात दोन नावं येतील, तिसऱ्यात दोन कामं. चौथ्यात काय लिहिलंत ते जखऱ्या ६:१३ च्या नोंदीशेजारी ठेवून बघा.